हळू चालणारी गाडी

आमच्या लेकीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक गाडी कव्हर घालून उभी असायची. पहिले दहा-बारा दिवस मला वाटलं, बंद पडलेली असणार. मग एका रविवारी सकाळी शेजाऱ्यानं कव्हर काढलं, गाडी हळूच रस्त्यावर आणून कडेला लावली आणि आत बसल्या बसल्या हातानं काहीतरी केलं. गाडी खाली बसली. अगदी गाय बसते तशी. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग सोडलं. रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यात चार बोटांचीही फट राहिली नाही.

मी खिडकीशी कोथिंबीर निवडत बसले होते. हे माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही.

"पंप आहे," हे म्हणाले. "चारी चाकांवर सिलिंडर बसवलेत."

आणि पायात चपला अडकवून हे बाहेर पडले. मी बघतच राहिले. सॅन होजेला आल्यापासून यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

ही गोष्ट 2024 च्या जूनमधली. हे बोलत नव्हते याचं कारण विमानप्रवास किंवा परकी हवा नव्हती. बेळगावातही ते बोलत नव्हते. उद्यमबागेत यांचं छोटं वर्कशॉप होतं. बेळगाव बाहेरच्या लोकांना कुंद्यासाठी ठाऊक आहे, खरं कारखानदारीतल्या माणसांना ते फौंड्र्यांसाठी आणि हायड्रॉलिक्ससाठी ठाऊक आहे. यांच्या वर्कशॉपमध्ये सहा लेथ, एक होनिंग मशीन आणि नऊ माणसं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे, प्रेसचे सिलिंडर तिथं तयार व्हायचे. एकुलती एक लेक कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली, पुढं बघायला कुणी नाही, म्हणून 2016 साली हे सगळं विकलं. त्या दिवसापासून आमच्या घरातला आवाज कमी होत गेला.

त्यात मी एक भर घातली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्या मामंजींची एक फियाट होती. 1100. जिला सगळे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, कारण पुढून तिचं तोंड तसंच दिसायचं. जैनाच्या दारात डुक्कर उभं आहे म्हणून गल्लीतली मुलं हसायची, आणि मामंजीही त्यांच्याबरोबर हसायचे. मामंजी गेल्यावर ती गाडी आमच्या परसातल्या शेडमध्ये वीस-बावीस वर्षं उभी होती. इंजिन जाम, खालचा पत्रा गंजलेला, सीटमध्ये उंदरांनी घरं केलेली. हे दर रविवारी तिथं जायचे. कधी कार्बोरेटर खोलायचे, कधी नुसतेच फडकं मारायचे. 2018 च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. हे गावातल्या मंडळींबरोबर आठ दिवस सेवेला गेले. माझे गुडघे धरलेले, म्हणून मी घरी. त्या आठ दिवसांत मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडी किलोवर घेतली. 21 हजार रुपये दिले. शेड झाडून, शेणानं सारवून घेतली आणि तिथं तुळशीच्या कुंड्या मांडल्या.

हे परत आले. शेडकडे गेले. थोडा वेळ उभे राहिले. "बरं झालं. जागा मोकळी झाली," एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. मी ते शब्द तसेच खरे धरले. धरायला सोयीचे होते.

तर त्या रविवारी हे रस्ता ओलांडून त्या शेजाऱ्याकडे गेले. यांचं इंग्रजी कामापुरतं, त्या गृहस्थांचं मराठी शून्य. खरं अर्ध्या तासानं मी पाहिलं तर दोघंही गाडीच्या डिकीत डोकं घालून वाकले होते, आणि आमचा अकरा वर्षांचा नातू मध्ये उभा राहून दुभाष्याचं काम करत होता.

संध्याकाळी यांनी मला जेवताना सगळं सांगितलं. मला त्यात काडीचा रस नव्हता. खरं हे बोलतायत म्हणून मी ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता थोडं समजायलाही लागलं.

गाडी शेवरोलेची इम्पाला, 1964 सालची. अशा गाडीला तिथं लोरायडर म्हणतात. चालवणाऱ्यालाही लोरायडरच म्हणतात. डिकीत सामान ठेवायला जागा नाही. तिथं ओळीनं बॅटऱ्या आणि दोन पंप. बटण दाबलं की बॅटऱ्यांवर मोटर फिरते, मोटर गिअर पंप फिरवते, पंपाचं तेल नळीतून चाकावरच्या सिलिंडरमध्ये जातं आणि गाडीचा तो कोपरा वर उचलला जातो. दुसरं बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत परत येतं, गाडी खाली बसते. बॅटऱ्या एकापुढं एक जोडून व्होल्टेज वाढवलं तर मोटर इतक्या जोरात फिरते की गाडीचं पुढचं अंग जमिनीवरून उडी मारतं. "आपल्या ट्रॉलीचंच तत्त्व," हे म्हणाले. "ट्रॉली ऊस ओतायला उठते, ही नुसती दाखवायला उठते."

"मग उपयोग काय?" मी विचारलं.

"उपयोग काही नाही," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

उपयोग नसलेल्या वस्तूवर माणूस एवढा जीव का लावतो, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा नीट पडला. त्याचं अर्धं उत्तर त्या लोकांच्या इतिहासात आहे. नातवानं शाळेतून पुस्तकं आणली, लेकीनं काही वाचून दाखवलं, काही शेजाऱ्यांनी सांगितलं.

हे शेजारी मेक्सिकन वंशाचे. वडील सॅन होजेच्या फळबागांत आणि मग फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करत. आज जिथं कॉम्प्युटरच्या कंपन्या आहेत, ती सांता क्लारा खोरं म्हणून ओळखली जाणारी जागा तेव्हा जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांनी भरलेली होती. शेजारी म्हणाले, आमचे लोक सीमा ओलांडून आले असं सगळे म्हणतात, खरं 1848 पर्यंत ही जमीनच मेक्सिकोची होती. माणसं जागच्या जागी राहिली, रेघ हलली. नातवानं हे वाक्य मराठीत सांगितल्यावर हे माझ्याकडे बघून हसले. 1956 साली आमचं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आमच्या घरातलंही कुणी जागचं हललं नव्हतं. रेघ हलल्यावर माणूस काय काय धरून ठेवतो, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला लागत नाही. कुणी भाषा धरतो, कुणी सण. यांनी गाडी धरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या गोऱ्या पोरांना वेगानं पळणाऱ्या गाड्यांचं वेड होतं. जुन्या गाड्या हलक्या करायच्या, इंजिन वाढवायचं आणि शर्यत लावायची. मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांनी उलटं केलं. स्वस्तात जुनी शेवरोले घ्यायची, डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकून, नाहीतर स्प्रिंगा कापून ती खाली आणायची, आणि रस्त्यावरून जितकी हळू नेता येईल तितकी हळू न्यायची. त्यांच्याकडे गावच्या चौकात संध्याकाळी नटूनथटून फेरी मारायची जुनी पद्धत. तीच फेरी आता गाडीतून. स्पॅनिशमध्ये त्यांचं एक वचन आहे, 'बाहितो इ सुआवेसितो', म्हणजे खाली खाली आणि अलगद. ज्याला कुणी विचारत नाही त्याला घाईनं निघून जायचं नसतं, त्याला दिसायचं असतं, असं शेजारी म्हणाले.

हे सरकारला आवडलं नाही. 1958 पासून कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. पोलीस पट्टी घेऊन मोजायचे आणि दंड करायचे. मग 1959 साली रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्वेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की गाडी खाली. ही गोष्ट यांना इतकी आवडली की पुढचे तीन दिवस जो भेटेल त्याला हे ती सांगत होते. यांच्या आख्ख्या आयुष्याच्या विद्येचा असा खट्याळ उपयोग यांनी कधी कल्पिलाच नव्हता.

सॅन होजे हे या गाड्यांचं मोठं ठाणं. 'लोरायडर' नावाचं मासिक 1977 साली याच गावात सुरू झालं आणि 2019 पर्यंत छापून निघत होतं. स्टोरी रोड आणि किंग रोड जिथं मिळतात, तिथं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायची. मग भांडणं, गर्दी, गुंडगिरी अशी कारणं सांगून गावानं अशा फेऱ्यांवर बंदी घातली. ती बंदी 2022 साली उठली. आणि आम्ही गेलो त्याच वर्षी, 1 जानेवारी 2024 पासून, आख्ख्या राज्यातल्या अशा बंद्या आणि तो खालीवरचा जुना नियमही गेला. म्हणजे आमच्या शेजाऱ्यानं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कुणालाही न भिता गाडी पूर्ण खाली बसवून रस्त्यावर नेली होती. वय वर्षं अडुसष्ट.

जूनच्या शेवटी त्या गाडीचं मागचं डावं अंग रात्रीतून आपोआप खाली बसायला लागलं. शेजारी म्हणाले, सिलिंडरचं सील गेलं असणार, नवीन मागवतो. यांनी मान हलवली. खाली पुठ्ठा टाकून आडवे झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस परक्या देशात रस्त्याच्या कडेला गाडीखाली! लेकीचा जीव वरखाली. "आई, बाबांना सांग की." मी म्हटलं, "राहू दे."

हे बाहेर आले आणि नातवाला म्हणाले, "त्यांना सांग, बाहेर तेलाचा थेंब नाही. म्हणजे सील नाही. व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसलाय, म्हणून तेल आतल्या आत परत जातंय." व्हॉल्व्ह खोलला. आत आटे बांधायच्या पांढऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा निघाला. यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि मला म्हणाले, "आठवतंय? आपल्याकडे ही टेप वापरायला मी बंदी घातली होती."

मला आठवत होतं. वर्कशॉपमधल्या एका पोराला त्यावरून यांनी घरी पाठवलं होतं आणि संध्याकाळी स्वतः जाऊन परत आणलं होतं.

त्या दिवसापासून शेजारी यांना 'माएस्त्रो' म्हणायला लागले. नातू म्हणाला, "आजोबा, म्हणजे गुरुजी." हे शेजाऱ्यांना 'मामा' म्हणायचे, आपल्याकडे अनोळखी माणसाला म्हणतात तसं. दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ नीट माहीत नव्हता, आणि काही अडत नव्हतं.

गाडीचा रंग हा आणखी एक प्रकार. लांबून ती जांभळी दिसायची, जवळ गेलं की आतून चांदी चमकायची. तळाला चंदेरी थर, त्यावर काचेसारख्या पारदर्शक रंगाचे कितीतरी पातळ हात, मग वरून पुन्हा स्वच्छ थर. छतावर लेसचं कापड ताणून त्यावरून रंग मारलेला, त्यामुळे कापडाची नक्षी पत्र्यावर उमटलेली. दारांच्या कडेनं केसासारख्या बारीक रेघा, हातानं ओढलेल्या. चाकं 13 इंची, तारांची, प्रत्येक तार वेगळी पुसायची. मला आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीची आठवण झाली. मान वर करून छतातलं ते दगडी कमळ पाहताना मी दर वेळी म्हणते, इतक्या उंचावर, जिथं कुणी नीट पाहणारही नाही, तिथं एवढं कोरायचं कशाला? या गाडीच्या खालच्या अंगालाही, जिथं आडवं झाल्याशिवाय दिसत नाही तिथं, नक्षी होती.

त्या बारीक रेघांचा ब्रश खारीच्या केसांचा असतो हे कळल्यावर मात्र मी हात मागं घेतला. शेजारणीच्या ते लक्षात आलं. मग कुठं समजलं की त्यांच्या घरातून रविवारी मांसाचा वास आला की मी खिडक्या का लावते. तिनं राग मानला नाही. पुढच्या रविवारी तिनं मक्याची कणसं आणि तिखट लावलेला आंबा पाठवला, वर निरोप, यात कांदा-लसूण नाही.

ही शेजारीण आणि मी बागेच्या कुंपणाशी उभ्या राहायला लागलो. एकदा मी तिला विचारलं, "तुम्हालाही आवडते का ही गाडी?" लेकीनं भाषांतर केलं. ती फाडकन म्हणाली, "मला या गाडीचा तीस वर्षं राग आहे." मुलीच्या दातांच्या तारांचे पैसे एका साली गाडीच्या क्रोमवर गेले. एका साली घराचा हप्ता थकला होता आणि डिकीत नवा पंप होता. विकायला लावायचं तिनं दोनदा ठरवलं.

"मग विकली का नाही?"

तिनं खांदे उडवले. "गाडी माझी असती तर विकली असती."

एवढं साधं उत्तर. मी घरी येऊन भाजी फोडणीला टाकली आणि ती करपेपर्यंत तशीच उभी राहिले.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही फेरी बघायला गेलो. तिकडं उन्हाळ्यात सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे सहाला जेवण उरकून निघालो तरी चांगलं ऊन होतं. हे शेजाऱ्यांच्या शेजारी पुढच्या लांबलचक सीटवर, मी, लेक आणि नातू मागं. मखमलीच्या सीटवर बसताना मला उगाच लग्नातल्या वरातीसारखं वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. म्हाताऱ्या आज्या, तान्ही मुलं, गोंदवलेले दंड, पोरींच्या नटलेल्या वेण्या. गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. कुणी हॉर्न मारत नाही, कुणी ओलांडून जात नाही. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेत त्यांच्या क्लबची धातूची पाटी. ओळखीचं कुणी दिसलं की एक बटण, आणि गाडी मान झुकवायची.

आमच्यात मुनी चालतात तेव्हा चार हात पुढची जमीन बघत चालतात. पायाखाली जीव येऊ नये म्हणून. ईर्यासमिती म्हणतात त्याला. आता तिथं पेट्रोल जळत होतं, समोरच कुणीतरी मांस भाजत होतं, आणि मी काही या गाड्यांना मुनी करत नाही. खरं यंत्राला हळू चालवण्यात माणसाला एवढा अभिमान वाटू शकतो, हे मी तिथंच पाहिलं. चाळीस वर्षं मी गाडी म्हणजे घाई असंच समजत आले होते.

एका सिग्नलला शेजारी यांना काहीतरी विचारत होते. नातवानं मराठीत केलं, "आजोबा, ते विचारतायत, तुमची कुठली गाडी होती का?"

माझ्या पोटात गोळा आला.

हे म्हणाले, "वडिलांची होती. फियाट."

"आता कुठाय?"

हे जरा थांबले. मागं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. "गेली भंगारात. खरं तिचं स्टिअरिंग माझ्याकडे आहे."

मला वाटलं, नातवाचं ऐकण्यात काही चुकलं. खरं हे मराठीतच बोलले होते. पुढं हे सांगत गेले आणि नातू इंग्रजीत सांगत गेला, आणि मी दोन्ही भाषांत ऐकत होते. श्रवणबेळगोळहून आल्यावर तिसऱ्या दिवशी हे त्या भंगारवाल्याकडे गेले होते. बॉडी तोपर्यंत कापून झाली होती. स्टिअरिंग तेवढं एका बाजूला पडलं होतं, ते पाचशे रुपये देऊन घेतलं. उद्यमबागेतल्या एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये कपाटावर ठेवलं. सहा वर्षं झाली.

"घरी का नाही नेलं?" शेजाऱ्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "घरी हिला वाईट वाटलं असतं."

सिग्नल हिरवा झाला. गाडी तशीच हळू पुढं निघाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहिल्यांदा रागच आला, हे मी लपवत नाही. सहा वर्षं माझ्यापासून लपवलं? मी काय एवढी वाईट आहे? मग राग ओसरला आणि त्याच्या तळाशी जे होतं ते वर आलं. मी त्या वेळी स्वतःला समजावलं होतं की मी यांच्या अपरिग्रहाला मदत करतेय. जुन्या वस्तूत जीव अडकवू नये, महाराजही प्रवचनात हेच सांगतात. तत्त्वार्थसूत्र मी लहानपणापासून पाठ म्हणते. त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तू अशी नाही, मूर्च्छा अशी आहे. वस्तू बाहेर असते, मूर्च्छा आत. मग त्या शेडमध्ये मूर्च्छा कुणाची होती? यांची गाडीवर होती, कबूल. खरं स्वच्छ झाडलेल्या शेडवर, नीटनेटक्या घरावर, 'मी म्हणते तेच बरोबर' यावर माझी होती, आणि ती जास्त चिवट होती. माणूस स्वतःच्या वस्तूचा त्याग करू शकतो. दुसऱ्याच्या वस्तूचा करू शकत नाही. ते नुसतं काढून टाकणं असतं, आणि हे ज्या बाहुबलीच्या पायाशी कलश घेऊन उभे होते, त्याच्या नावावर तर ते मुळीच खपवता येत नाही. त्याच्याही मनात, सगळं सोडून उभा राहिल्यावर, आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत एवढं शल्य उरलं होतं, असं आम्ही ऐकत आलो. माझं शल्य काय आहे ते मला तेव्हा कळलं.

लेकीच्या पुस्तकात एका गाडीची गोष्ट आहे. न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावचे डेव्हिड हारामियो यांनी 1969 सालची एक फोर्ड एलटीडी सजवायला घेतली. 1978 साली ते अपघातात गेले. गाडी अर्धवट. त्यांच्या पत्नीनं आणि नातलगांनी ती पुरी केली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, 'डेव्ह्ज ड्रीम' या नावानं. गुलाबांनी रंगवलेली 'जिप्सी रोज' नावाची 1964 ची इम्पाला 2017 साली वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात काचेच्या पेटीत मांडली होती, तिचा फोटोही त्याच पुस्तकात आहे आणि ती दिसायला कितीतरी देखणी आहे. खरं मी पुन्हा पुन्हा पान उघडत होते ते त्या फोर्डचं. त्या बाईला गाडीची आवड होती की माझ्या शेजारणीसारखा राग होता, ते पुस्तकात नाही. तिनं काम पुरं केलं, एवढं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी यांना एक जुना डम्प व्हॉल्व्ह दिला, घासून लखलखीत केलेला. तोच, ज्यात टेप निघाली होती. यांनी त्यांना आपली व्हर्निअर कॅलिपर दिली. ही कॅलिपर हे बेळगावहून कपड्यांच्या घडीत घालून घेऊन आले होते हे मला तेव्हा कळलं. लेकीकडे चार महिने राहायला जाताना माणूस कॅलिपर का नेतो, हे मी विचारलं नाही.

बेळगावला आल्यावर चौथ्या दिवशी मी यांना म्हटलं, "अहो, उद्यमबागेला जाऊन या की. ते स्टिअरिंग घेऊन या."

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "राहू दे. कशाला?"

"माझं चुकलं होतं," मी म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन ते मोजायला एका हाताची बोटं जास्त होतील.

पेपर तसाच वर होता. बऱ्याच वेळानं त्यामागून आवाज आला, "त्या गाडीचं इंजिन काही सुरू होणार नव्हतं. मला माहीत होतं." आणि मग, "खरं दर रविवारी वाटायचं."

दुपारी मी रिक्षा केली आणि एकटीच गेले. यांच्या मित्रानं कपाटावरून पोत्यात गुंडाळलेलं स्टिअरिंग काढून दिलं. "वहिनी, मी कितीदा म्हटलं घरी ने म्हणून," तो ओशाळून म्हणाला. पांढरट, पातळ, दोन ठिकाणी तडकलेलं. मी समजत होते त्यापेक्षा हलकं. रिक्षात ते मांडीवर धरून बसले तर रिक्षावाला आरशातून बघून हसला, "मावशी, गाडी तुम्हीच चालवताय काय?"

आता ते शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे. त्याखाली लाकडी फळीवर तो अमेरिकेचा व्हॉल्व्ह. तुळशीच्या कुंड्या मी अंगणात हलवल्या, तिथं त्यांना ऊनही बरं मिळतं. गल्लीतली दोन पोरं सुट्टीच्या दिवशी यांच्याकडे येतात, सिलिंडर वर कसा उचलतो ते बघायला. हे त्यांना सायकलच्या पंपावर दाखवतात. नातवाचा फोन आला की तो आधी शेजारच्या इम्पालाची खुशाली सांगतो, मग स्वतःची.

रविवारी सकाळी हे शेडमध्ये जातात. फडकं माझ्या जुन्या सुती साडीचं आहे, मीच फाडून दिलं. पुसायला तिथं फारसं काही नाही. पाच मिनिटांचं काम. हे तास लावतात, आणि मी हाक मारत नाही.